तीनचा भोंगा

खडूच्या डब्यात एक वाळलेलं बदामाचं पान. कोणी ठेवलं, का ठेवलं, कोणाला ठाऊक नाही. डबा बदलला तरी पान नव्या डब्यात जातं.

लवूच्या कॅन्टीनमध्ये मिसळ फक्त बुधवारी. इतर दिवशी मागितली तर लवू गंभीर चेहऱ्याने विचारणार, "आज बुधवार आसा?"

तिसऱ्या बाकावर धनेशने कर्कटकाने कोरलेलं बदक. त्याच्या मते तो मोर होता.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात एक पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच. पहिल्या वर्षी प्रत्येक जण तिथे अडखळतो. शेवटच्या वर्षी तोच प्रत्येक जण नव्यांना अडखळताना बघायला तिथे उभा राहतो.

चष्मा काढणे. धोतराच्या सोग्याने पुसणे. खिडकीकडे बघणे. चष्मा घालणे.

"जमिनीवर घडा नाही, हे तुला दिसलं कसं?"

समोर गिरणीच्या जागी काचेची इमारत. दुपारचं ऊन तिच्यावर आपटून उलटं वर्गात येतं आणि फळा दिसेनासा होतो.

हे सगळं आकांक्षा परबच्या डोक्यात एकाच वेळी चाललं होतं. ती मात्र स्टाफरूममध्ये सोललेलं केळं हातात धरून बसली होती.

परळच्या या कॉलेजचं नाव लांबलचक आणि इमारत आखूड. नुसती कला शाखा. तत्त्वज्ञान शिकवणारे अप्पासर म्हणायचे, आपल्याकडे सगळे पोट न भरणारे विषय मिळतात, दुकान मात्र जुनं आहे. त्याच दुकानात आकांक्षा शिकली आणि पुढे तत्त्वज्ञान शिकवायलाही लागली. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि मे महिन्यात आईच्या घरी जेवण. अशी वर्षं गेली, केसांत पांढरं आलं, आणि आता कुठे विभागात एक कायमची जागा निघाली होती. ती भरली की तासिकावाले बंद. जागा मिळाली तर आकांक्षा इथे निवृत्त होईपर्यंत. नाही मिळाली तर जूनपासून त्या उंच पायरीवर पाय ठेवायचं तिला काही कारणच उरणार नव्हतं.

मुलाखतीत वर्गावर शिकवून दाखवायचं होतं. समिती मागच्या बाकावर बसणार. आकांक्षाची वेळ सकाळची होती. पण विषयतज्ज्ञ म्हणून येणाऱ्या सरोजिनीबाई पुण्याहून निघाल्या आणि घाटात अडकल्या. सकाळची दुपार झाली. आधी ठाण्याच्या हितेंद्र सामंतचा नंबर, मग तिचा. म्हणजे ती फळ्यापाशी उभी असताना तीन वाजणार होते.

आणि तीनला त्या वर्गात थांबायची पद्धत होती.

ही पद्धत अप्पासरांची. अप्पा तेरवणकर, धोतर, वर बंद गळ्याचा कोट, मे महिन्यातसुद्धा. गिरणी चालू होती तेव्हा तीनला पाळी बदलायची आणि भोंगा व्हायचा. खिडकी गिरणीकडेच, त्यामुळे बोलून उपयोग नसे. सर तोंडातलं वाक्य तसंच धरून ठेवायचे, चष्मा काढायचे, पुसायचे, भोंगा संपला की चष्मा नाकावर आणि वाक्य पुढे. मग गिरणी बंद पडली. चिमणी पाडली. काच चढली. सरांचं थांबणं सुटलं नाही. कितीही रंगात आलेले असोत, तीनला वाक्य मध्येच ठेवून ते चष्मा पुसायला लागत, आणि वर्ग पेनं खाली ठेवत असे.

आकांक्षा पहिल्या वर्षाला होती तेव्हा तिला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं. ती उठणार तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने तिला चिमटा काढला आणि भोंगा झालाय, गप बस, असं दटावलं. आकांक्षाने कान टवकारले. पंख्याचा आवाज होता. खाली लवू कोणावर तरी खेकसत होता. एवढंच.

नंतर तिलाही ते जमलं. सगळ्यांनाच जमायचं, आणि जो तो त्या वेळात आपापलं काहीतरी करायचा. शेजारी बसणारी रुपाली डोळे उघडे ठेवून झोपायची. धनेश मीठ लावलेली पेरूची फोड बाकाखालून पुढे सरकवायचा, आणि ती आकांक्षापर्यंत पोचेपर्यंत तिला तीन जणांचे दात लागलेले असायचे. भांडण झालेली माणसं नेमकी त्याच वेळी एकमेकांकडे बघायची. आकांक्षाने एकदा सरांचा हात बघितला होता. धोतराचा सोगा काचेवर गोल गोल फिरत होता, खिडकीतून ऊन येत होतं, आणि आपण इथेच शिकवायचं हे तिने तेव्हा ठरवून टाकलं. घरी सांगायला पुढे दोन वर्षं लागली.

सर गेल्यावर त्यांचे तास तिच्याकडे आले. पहिल्याच दिवशी, तीनला, तिच्या ध्यानीमनी नसताना शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पेनं खाली ठेवली. ती थांबली. तिला तेव्हा चष्मा नव्हता. बोटांचा खडू झटकत ती उभी राहिली. किती वेळ थांबायचं ते मुलांनाच ठाऊक होतं. त्यांनी पेनं उचलली तशी ती बोलायला लागली.

तर आज काय करायचं?

रुपाली आता महापालिकेत होती, वडाळ्याला राहायची, आणि तिच्या आवाजात फोनवरसुद्धा फाइली आपटल्याचा आवाज असायचा. आकांक्षाने फोन लावला, तिने सगळं ऐकून घेतलं.

"गो बाये, आजच्या दिवस त्या भोंग्याक सुट्टी दी," ती म्हणाली. "परमनंट हो, मग वर्षभर थांब."

आकांक्षाला पटलं. तिने वर्गात जाऊन मुलांना बजावलं, की आज तीनला कोणीही थांबायचं नाही, लिहीत राहायचं, येत नसेल तर चित्रं काढायची पण पेन चालू ठेवायचं. पहिल्या बाकावरच्या मनूने नक्की ना म्हणून विचारलं. आकांक्षा नक्की म्हणाली. मनूने खांदे उडवले. कोळीवाड्यातून रोज येणारी ही मुलगी, वर्गात उशिरा येणं तिला चालायचं, पण भोंगा चुकवणं तिला काही आवडलेलं दिसलं नाही.

हितेंद्र बाहेर आला तेव्हा घामाघूम होता. भला माणूस. पीएच.डी. झालेला, स्लाइड्स सुंदर, टाय थोडा वाकडा. आपल्या बाटलीतलं पाणी त्याने तिच्यापुढे धरलं आणि हळूच सांगितलं, की मागच्या बाकावरचे संस्थेचे चिटणीस सारखी नकारार्थी मान हलवतात, पण ती त्यांची सवय आहे, घाबरू नका.

विषय समितीने दिला होता: अभाव. नसणं. एखादी वस्तू नाही, हे आपल्याला कळतं कसं? अप्पासरांचा लाडका पाठ. आकांक्षाने घड्यापासून सुरुवात केली. जमीन दिसते, घडा दिसत नाही, मग 'घडा नाही' हे कशाने दिसलं? मग ती घड्यावरून मिसळीवर आली. मंगळवारी कॅन्टीनमध्ये शिरणाऱ्या परक्या माणसाला तिथे मिसळ नसल्याचं काही वाटत नाही. नसते ती फक्त आपल्यासाठी. वर्ग हसला. मागच्या बाकावर सरोजिनीबाईंनी पेन ओठांना लावलं आणि त्याही हसल्या. चिटणिसांची मानसुद्धा क्षणभर स्थिर झाली. आकांक्षाला ते कळलं. पाठ असा लागला होता की आता ती बोलत नव्हती, पाठच तिच्या तोंडून बोलत होता.

"म्हणजे नसणं कळायला आधी ती वस्तू ओळखीची असावी लागते," ती म्हणाली. "आणि जिथे आपण तिची वाट बघतो, तिथेच


 

पेनं चालू होती. मुलं शब्दाला जागली होती. मनू वहीत मान घालून जोरजोरात काहीतरी गिरवत होती. पंखा फिरत होता. काचेच्या इमारतीचं ऊन फळ्यावर आलं होतं. आकांक्षाला प्रश्न पडला, वर्ग इतका शांत का, कोण बोलायचं थांबलंय? तिने खाली बघितलं. तिच्या हातात चष्मा होता. गेल्याच महिन्यात लागलेला नवा चष्मा, आणि दुसऱ्या हातातलं ओढणीचं टोक त्याच्या काचेवर गोल गोल फिरत होतं.

मनूने वर बघितलं. पेन खाली ठेवलं. मग शेजारच्याने. मग सगळ्यांनी.

मागच्या बाकावर प्राचार्य खोकले. चिटणिसांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. आकांक्षाला हे दिसत होतं, आणि तरी चष्मा पुसून होईपर्यंत तिला तो घालता येईना.


 

तिचं नसणं आपल्याला दिसतं."

तिने पाठ पुरा केला. मुलं बाहेर गेली. सरोजिनीबाईंनी तिला जवळ बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची उत्सुकता होती, आणि थोडी मायाही.

"मधे थांबलात," त्या म्हणाल्या. "उदाहरण म्हणून ना? शब्दाचा अभाव मुलांना प्रत्यक्ष दाखवायला?"

किती सोपं होतं. बाईंनी दार उघडून वर पायपुसणंही टाकून ठेवलं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. हो म्हटलं असतं तर तो अख्ख्या दिवसातला सगळ्यात हुशार क्षण ठरला असता. चिटणिसांना तो घरी जाऊन सांगता आला असता. आकांक्षाने तोंड उघडलं. आणि तिला वाटलं, हो म्हटलं की उद्यापासून तीनला जे होईल ते उदाहरणच होईल.

"नाही बाई," ती म्हणाली. "भोंग्यासाठी थांबले."

"कुठला भोंगा?"

"समोरच्या गिरणीचा."

तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं. काचेत त्यांना त्यांचंच कॉलेज दिसलं असणार, बदामाच्या झाडासकट. प्राचार्यांनी बरं म्हटलं. चिटणिसांची मान पुन्हा हलायला लागली.

जागा हितेंद्रला मिळाली. वाईट वाटलं का, असं विचारण्यात अर्थ नाही. ती चार दिवस माहेरी जाऊन आईच्या पलंगावर पडून होती. पाचव्या दिवशी रुपाली आली, गाढव आहेस म्हणाली, आणि पिशवीतून पेरू काढले.

जूनमध्ये आकांक्षाला दादरला एका क्लासमध्ये काम मिळालं. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं यायची. ती कशासाठीच थांबत नसत. परळच्या त्या गल्लीत शिरायला लागू नये म्हणून ती घरून लांबचा रस्ता धरायची, आणि आपण तो का धरतो हे स्वतःला विचारायची नाही.

जुलैत एका दुपारी हितेंद्रचा फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता, बहुतेक जिन्यात उभा राहून.

"मॅडम, एक विचारायचं होतं. ही मुलं तीन वाजता एकदम पेनं खाली ठेवतात. सगळी. नवीन आलेलीसुद्धा. मी पहिल्यांदा बोलत राहिलो. मग रागावलो. ती मनू म्हणते, सर, जरा थांबा ना. मी काय करायचं?"

"काही नाही," आकांक्षा म्हणाली. "थांबायचं."

"किती वेळ?"

"ते सांगतील."

पलीकडून पावलांचे आवाज येत होते. कोणीतरी जिन्यात अडखळलं आणि दोघं-तिघं हसली.

"आणि त्या वेळात मी करू काय?" हितेंद्रने विचारलं.

"चष्मा आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग खडू झटका," ती म्हणाली. "लागेल चष्मा."

गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्या दिवशी भोंगा पहिल्यांदा वाजला नाही, आणि अप्पासर त्या दिवशीही तीनला थांबले होते.