अकरा दिवस टांगलेला कंटेनर

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. विश्वास बसावा असं यात काही नाहीच. ते फक्त घडलेलं आहे. एका माणसाने अठ्ठावीस टनांचा कंटेनर स्वतःच्या घरात, खुर्चीत बसल्या बसल्या, अकरा दिवस हवेत तोलून धरला. कोणाला थाप वाटत असेल तर त्याची बायको इथंच बसली आहे, शर्टाला बटण लावते आहे. ती काही म्हणाली? नाही ना? मग ऐका.

माणूस बंदरातला क्रेनवाला. चाळीस मीटर उंचीवर काचेच्या तळाची केबिन, तिच्यात एक खुर्ची, खुर्चीला दोन दांडे. उजवा दांडा माल वर-खाली करतो, डावा पुढे-मागे नेतो. दिवसभर मान खाली घालून दोन गुडघ्यांच्या मधून जमिनीकडे बघायचं. नजर अशी की धक्क्यावर कोणी शिंक दाबली तरी याला वरून कळायचं, म्हणून सगळे त्याला घार म्हणत. खाली त्याचा भरवसा एकाच माणसावर: नारिंगी जाकिटातला इशारेवाला, त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. बोट खाली करून फिरवलं की माल उतरव. मूठ आवळली की आहे तिथं धर. दोन्ही तळवे उघडे दाखवले की काम संपलं. आणि सगळ्यांच्या वर एक नियम: हुकाला माल असेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आग लागो, धरणी दुभंगो, सासरा वारो.

घारीच्या जोडीला आणखी दोन क्रेनवाले होते. एक निवृत्त झाला, एक सोडून गेला. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. साहेब म्हणाले, "तू असताना दुसरा कशाला हवा?" कौतुक फुकटात मिळालं आणि पाळ्या दुप्पट झाल्या. घारीला वाटलं, आपल्यावाचून बंदर अडतं. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला थोडे तरी कष्ट पडतात. हा तर आधीच चाळीस मीटरवर बसलेला.

दीड वर्ष असं चाललं. घरी जेवताना तो ताटाकडे बघायचा नाही, गुडघ्यांमधून फरशीकडे बघायचा. बायकोने काही विचारलं की मूठ आवळून दाखवायचा: आहे तिथं धर. ती इशारेवाल्याची बहीण, तिला सगळे इशारे पाठ. पण नवऱ्याच्या तोंडून एखादा शब्द यावा म्हणून ती वाट बघायची, आणि शब्द येण्याआधी त्याचा डोळा लागायचा.

मग एका दुपारी तो पाळी संपवून घरी आला, खुर्चीत बसला आणि खुर्चीचे दोन्ही हात त्याने घट्ट आवळून धरले.

"अहो, हात धुवा. वाढलंय."

"उठता येणार नाही. माल वर आहे."

"कुठला माल?"

"शेवटचा. खाली ठेवलेला आठवतच नाही मला. वरच राहिलाय."

तिने भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, ठेवला की, माझ्या डोळ्यांदेखत. घारीने ते ऐकून मान हलवली. "त्याला खालून काय दिसतं?"

बायको त्याची बोटं सोडवायला गेली. उजवा हात जरासा वर सरकला, आणि भिंतीलगतचं कपड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट जमिनीपासून चार बोटं उचललं गेलं. तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याखालून केर काढला, लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि चौदा वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं. डावा हात कलला की टेबल दाराकडे निघायचं. वरच्या मजल्यावरचा शेजारी तक्रार घेऊन आला की त्याच्या फरशीला टेंगूळ आलंय. घार जेवायचा कसा? ती भरवायची. बाकीच्या विधींचं विचारू नका. खरं बोलणाऱ्यालाही काही झाकावं लागतं.

घारीला मात्र यात गंमत दिसत नव्हती. ते अठ्ठावीस टन त्याला खांद्यांत, मानेत, दाढांत जाणवत होते. डोळे मिटले की खाली एक नारिंगी ठिपका दिसायचा, बरोबर मालाखाली. हात सुटला की ठिपका पुसला गेला. म्हणून तो डोळे मिटत नव्हता. पाचव्या दिवशी बोटं निळी पडली. सातव्या दिवसापासून कपाट थरथरू लागलं. आतले हँगर एकमेकांवर वाजायचे, आणि तो आवाज आला की बायको हातातलं काम टाकून त्याच्याजवळ येऊन उभी राहायची.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी हात चाचपले, डोळ्यांत बॅटरी मारली, कपाटाकडे एकदा बघितलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. "हातांना काही झालेलं नाही. माणूस पार पिळून निघालाय. दोन महिने सुट्टी. या घरात बंदराचं नाव निघता कामा नये." मग दारात बायकोला हळूच म्हणाल्या, "हा आज क्रेनवर चढला तर पहिलाच माल पडेल. खाली कोण उभं असतं?"

बायको आत गेली. तिने नवऱ्याचा मोबाइल बंद केला, ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली.

अकराव्या दिवशी सकाळी इशारेवाला आला. असाच, बहिणीला भेटायला. अंगात नारिंगी जाकीट. घारीचे कामाचे बूटही दारात होते. ते तिथं कसे आले कोण जाणे. त्याने घारीची अवस्था पाहिली आणि तो खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"भाऊजी. माझ्याकडे बघा. उतरवायचा."

"खाली तू आहेस."

"मी बाजूला आहे. बघा, बाजूला आहे. हळू."

त्याने बोट खाली केलं आणि फिरवलं. घारीचा उजवा हात केसाएवढा हलला. कपाट केसाएवढं खाली आलं. पुन्हा बोट. पुन्हा हात. घारीच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तिथून टपकला, पण पापणी लवली नाही. तीन बोटं उरली. दोन.

आणि टेबलावरचा मोबाइल वाजला.

साहेब. दुसरं कोण असणार? जहाज धक्क्याला लागलं होतं, क्रेन रिकामी उभी होती. घारीची मान वळली. "साहेब," तो म्हणाला, आणि डावा हात खुर्चीवरून सुटायला लागला. कपाट एका बाजूने झुकलं, दार उघडलं, शर्ट बाहेर लोंबकळले. इशारेवाल्याने मूठ आवळली. आहे तिथं धर. फोन वाजतोय, कपाट झोके घेतंय, घारीचा हात फोन आणि खुर्चीच्या मधोमध. त्याच्या डोक्यात एकच चक्र: गेलो नाही तर बंदर अडेल. गेलो तर माल पडेल. गेलो नाही तर. गेलो तर.

"भाऊजी, बंदर अडत असेल तर अडू दे. आधी हे ठेवा."

घारीने हात मागे घेतला. फोनकडे त्यानंतर ढुंकूनही पाहिलं नाही. बोट फिरलं, हात सरकला, आणि कपाटाचे चारही पाय एकदम फरशीला टेकले. इशारेवाल्याने दोन्ही तळवे उघडे करून दाखवले. घारीने ते बराच वेळ बघितले. मग त्याची बोटं एकेक करून सुटली, आणि तो रडला, आणि रडता रडताच खुर्चीत झोपला तो थेट तिसऱ्या दिवशी उठला. इशारेवाल्याने फोन उचलून साहेबांना चांगलंच झापलं. तेव्हापासून बंदरात तीन क्रेनवाले आहेत, आणि घार आठवड्याला पाच पाळ्यांवर सहावी करत नाही. आत्ताही आत घोरतोय, ऐका.

बायकोने दोरा दाताने तोडला.

"दादा," ती म्हणाली, "कंटेनर होता. कपाटही उचललं गेलं होतं, कानातलं हे बघ माझ्या कानात आहे. पण फोन कसा वाजेल? तो बंद होता, ट्रंकेत होता, किल्ली माझ्या गळ्यात. साहेबांचा निरोप तूच घेऊन आला होतास. 'भाऊजी, चला, एकच पाळी, जहाज खोळंबलंय,' हे तू म्हणालास. तेव्हा कपाट झुकलं."

कोणीतरी खोकलं. गोष्ट सांगणाऱ्या दादाने नारिंगी जाकिटाची चेन वर ओढली.

"आणि इशारा मी दिला," ती म्हणाली. "तू दारात ह्यांचे बूट हातात घेऊन उभा होतास."