अकरा वर्षांचं उत्तर

"ग्यारह साल का गॅप? क्या किया इतने दिन?" राजवीर साहेबांनी माझ्या अर्जावर पेन टेकवलं.

खरं उत्तर सोपं होतं. मी घरी बसून ऑनलाइन पोकर खेळत होतो, नोकरीसारखा, रोज दहा तास. त्यावरच देवासचं आमचं घर चाललं, धाकट्या बहिणीचं, अवंतीचं, लग्न झालं. मग कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ॲप एका फटक्यात बंद पडले. चौतिसाव्या वर्षी मला दारात उभं करणारा हा एकच कारखाना होता, आणि जागा स्टोअरकीपरची. जुगाऱ्याच्या हाती स्टोअरची किल्ली कोण देतो?

"मेरी सेवा की इसने," शेजारून भाऊ म्हणाले. "मुझे लकवा हुआ था, साहब."

मी गारच पडलो. भाऊ म्हणजे माझे वडील. याच कारखान्यात तीस वर्षं काढलेली, म्हणून नव्या साहेबांनी त्यांनाही मानानं आत बसवलं होतं. लहानपणी मला बारा वर्षं पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते, तरी मांडूच्या बसमध्ये माझं पूर्ण तिकीट काढणारा हा माणूस! माझ्या पत्त्यांचा त्यांना इतका राग, की अकरा वर्षांत माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. आणि लकवा कसला? रोज सकाळी देवीच्या टेकरीच्या पायऱ्या चढतात.

साहेब हळहळले. "शाम तक फोन करता हूँ."

भाऊ उठले आणि उजवा पाय ओढत निघाले. समोरच्याचा ब्लफ ओळखून मी पोट भरलं, पण इतका कच्चा ब्लफ कधी पाहिला नव्हता. जिन्यापर्यंत उजवा पाय ओढला, खाली आवारात डावा! मागे पाहिलं तर साहेब खिडकीत उभे. मला लाज वाटली, भाऊंची नाही, माझीच.

धावत जाऊन मी त्यांचा दंड धरला.

"उजवा, भाऊ."

"सोड रे. मला काय धाड भरलीय?"

"साहेब बघून राहिले आहेत."

त्यांनी मुकाट्यानं उजवा पाय ओढायला घेतला आणि माझा हात धरून भार माझ्यावर टाकला. फाटक मागे पडलं, रस्ता वळला, कारखाना दिसेनासा झाला. तरी भाऊंनी माझा हात सोडला नाही, आणि पायही सरळ टाकला नाही.