ठिगळाखालची ओळ

मित्रांनो, मी एक जुना सातवा भाग आहे. माझ्याआधीचे सहा भाग वाचल्याशिवाय मला कोणी हात लावत नसे, आणि माझ्यानंतर पुढे काही नव्हते. त्यामुळे जन्मतःच माझा थाट शेंडेफळासारखा होता.

छापखान्यात मोठ्या कागदांवर माझी आठ-आठ पाने एकदम छापली गेली. मग घड्या पडल्या, सुईदोऱ्याने शिलाई झाली, पाठीला सरस लागला आणि वर निळे कापडी कव्हर चढले. सहाशे पाने भरली. ‘सात वेशींचे नगर’ ही आमची गोष्ट तेव्हा घरोघर वाचली जात होती. चार मुले बंद नगराच्या वेशी एकेक करून उघडत जातात आणि त्यांच्यापुढे एक अबोल म्हातारा कंदील धरून चालतो. शेवटची वेस उघडणार की नाही, यावर लोक दोन वर्षे भांडले होते. मी ग्रंथालयात पोचलो त्या दिवशी रांग जिन्याखालपर्यंत गेली होती. ग्रंथपाल बाईंनी वहीत नावे उतरवली आणि प्रत्येकाला सात दिवसांची मुदत दिली. इतके कौतुक मी पुन्हा पाहिले नाही.

पहिला नंबर एका गृहस्थांचा होता. लोक त्यांना ‘घाईचे मास्तर’ म्हणत. गोष्ट वाचण्यापेक्षा ती दुसऱ्याच्या आधी वाचल्याचेच त्यांना सुख. सातव्या दिवशी त्यांनी आणखी दोन दिवस मागितले. बाईंनी रांगेकडे बोट दाखवून नकार दिला. मास्तर बाकावर बसले, खिशातले पेन काढले आणि माझ्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात लिहिले, ‘कंदीलवाला म्हातारा फितूर आहे. पान ५३८.’ शाई वाळावी म्हणून वर फुंकरही घातली.

बाईंच्या हे लक्षात आले तेव्हा मास्तर घरी पोचले होते. शाई खरवडली असती तर पान फाटले असते. म्हणून बाईंनी तारखा लिहायची एक कोरी चिठ्ठी घेतली आणि त्या ओळीवर डकवली. त्यांचा हेतू चांगला होता. पण चिठ्ठी पातळ होती, आणि झाकलेले पाहिल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. पुढच्या बाराही वाचकांनी ते पान खिडकीशी धरून पाहिले. मी कागदाचा. उजेड अडवणे माझ्या हातात नव्हते.

चौदावा नंबर शिंपीकाकांचा होता. काकांची दृष्टी जात चालली होती. कापडावरची खूण ते बोटांनी ओळखत, पण छापील अक्षर त्यांना दिसत नसे. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांची लेक काज-बटणाचे काम बाजूला ठेवून त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. सहा भाग असेच झाले होते. काकांचा सगळा जीव त्या कंदीलवाल्यात. कमी बोलतो आणि आपले काम नीट करतो, म्हणून. लेकही त्याची वाक्ये जरा घोगऱ्या, मायाळू आवाजात वाचायची.

माझी वाट पाहताना काकांनी भिंतीवर पाटी लावली होती, ‘येथे सातव्या भागाविषयी बोलू नये’. तरी एखादा ‘अहो, शेवटी काय होतं माहीत आहे का’ म्हणून सुरू करीच. मग काका रिकामे मशीन खडखडा चालवू लागत. एका गिऱ्हाइकाने विचारले, मशीन चालतंय पण कापड कुठे आहे? काका म्हणाले, “तुमच्या तोंडात कोंबायला काढून ठेवलंय.”

अशा माणसासाठी लेक मला घेऊन निघाली. रस्त्यातच तिने मला उघडले. पहिल्या पानावर चिठ्ठी दिसली. तिने काही विचार न करता ते पान उन्हाकडे धरले. एक सायकलवाला घंटी वाजवत, चिडून तिला वळसा घालून गेला, तरी ती जागची हलली नाही.

दुपारी वाचायला बसताना काकांनी सवयीप्रमाणे माझे पहिले पान अंगठा आणि बोटात धरून चोळले. कापड पारखतात तसे.

“इथे ठिगळ लागलंय,” ते म्हणाले.

लेकीने सांगितले, शाई सांडली होती म्हणून झाकले आहे. काका म्हणाले, शाई सांडली की कागद फुगतो, हा फुगलेला नाही. पण त्यांनी पुढे खोदून विचारले नाही.

वाचन सुरू झाले. लेक मन लावून वाचत होती. मुलांची वाक्ये पूर्वीसारखीच येत. पण कंदीलवाला बोलू लागला की तिचा आवाज कोरडा पडे. तो घोगरेपणा आणायचा ती प्रयत्न करी आणि तो खोटा वाटे. काका हातातले काम थांबवून ऐकत. मुदत संपली, पण आता मागे रांग उरली नव्हती, म्हणून बाईंनी ती वाढवून दिली. पान तीनशे अकरावर काकांनी हात वर केला.

“थांब. सहा भाग तू म्हाताऱ्याला घरच्यासारखं वाचलंस. आता परक्यासारखं वाचतेस. त्याने पुढे काय केलंय, ते तुला ठाऊक आहे.”

लेकीने पानात बोट ठेवून मला मिटले.

“काय ते सांगू नकोस. पण आता तो कंदील उचलतो ना, तर मी उजेड बघत नाही. त्याच्या हातावर पाळत ठेवतो. असं ऐकून काय करू? परत देऊन ये.”

रस्त्यात चिठ्ठीखालचे सहज पाहिले गेले, असे लेक रडत सांगू लागली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

मित्रांनो, पुढे काय होते ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी तरी तसे वागू नये. एवढेच सांगतो, की पान ५३८ नंतर माझ्यात आणखी बासष्ट पाने आहेत आणि मास्तरांचे बोट त्या पानांना कधी लागलेच नाही. हे लेकीला सांगायला परतीच्या वाटेवर मला तोंड असते तर! बाईंनी विचारले, बाबांना आवडला का? लेक “हो” म्हणाली.

पुढे मास्तर ग्रंथालयाच्या पुस्तक निवड समितीवर गेले. त्यांचा सत्कारही झाला. त्यांनी वाचनाच्या आवडीवर अर्धा तास भाषण केले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच खोलीतल्या कपाटात होतो.

हळूहळू नव्या गोष्टी आल्या. मला तळाच्या फळीवर ढकलले गेले. पाठीचा सरस सुटला, कडा पिवळ्या पडल्या. कित्येक वर्षे माझ्यावर कोणी तारीख टाकली नाही. एकदा एक बाई वाकून मला शोधत आली. केस पिकले होते, पण बोटांवरच्या सुईच्या खुणांनी मी तिला ओळखले. तिने मला उघडून तीनशे अकरावे पान काढले. पुढची ओळ तिने हलक्या आवाजात वाचायला घेतली, ती म्हाताऱ्याचीच होती. आवाज चांगला घोगरा लागला. मग ऐकायला कोणी नाही हे तिच्या लक्षात आले असावे. तिने मला मिटले आणि जागेवर ठेवून दिले.

मित्रांनो, माझी शिवण उसवली आहे, ती कोणी शिवली नाही तरी चालेल. पण ज्याची गोष्ट अजून संपलेली नाही, त्याच्यापुढे जरा गप्प बसा. गप्प बसायला ना कष्ट पडतात ना अक्कल लागते. तेवढेही ज्याला जमत नाही, त्याने आम्हाला हात लावू नये.