शेंदराखालचा काळा दगड

मित्रांनो, लोक मला देव म्हणतात, पण मी एक जुना दगड आहे. नागपूरच्या पश्चिमेला, शहर संपल्यावर जो उघडा माळ लागतो, तिथे मी उभा आहे. फार पूर्वी माणसांनी आपल्यातल्या कोणा मेलेल्याभोवती आम्हा दगडांचं मोठं रिंगण मांडलं. माझ्या अंगावर त्यांनी लहान लहान वाट्या कोरल्या. कशासाठी, ते मला कोणी सांगितलं नाही. मग ती माणसं गेली. पुढे हजारो वर्षं शेळ्या तेवढ्या पाठ घासायला येत.

१९६४ च्या जूनमध्ये आनंदराव सायकलवरून आले. ते धरमपेठेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. शाळा उघडण्याआधी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी ते रंगांची पेटी घेऊन येत, कारण त्या दिवशी उजेड जास्त वेळ थांबतो. दगडाचा खरा रंग ओला केल्यावर दिसतो, म्हणून सुरईतलं पाणी ते माझ्यावर हळूहळू ओतत. मग समोर मांडी घालून पाहत राहत.

संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की माझ्या प्रत्येक वाटीत सावली भरते. ती त्यांना चित्रात हवी होती. पण जूनचं आभाळ नेमकं संध्याकाळी भरून येई. सगळं रिंगण रंगवून झालं, माझ्या वाट्यांची जागा मात्र कोरीच राहिली. तोच कागद घेऊन ते दरवर्षी त्याच दिवशी येऊ लागले.

जवळच्या गावचे नत्थूजी तिथे शेळ्या चारत. त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं, "गुरुजी, एवढ्या उन्हात गोट्यापुढं काहून बसून राहिले? घरच्या बाईनं हाकललं का जी?" आनंदराव नुसते हसले. तेव्हा त्यांनी दोन शब्द समजावून सांगायला हवे होते.

नत्थूजींनी गावात सांगितलं, की शहरातला शिकलेला माणूस दरसाल येतो, दगडाला पाणी घालतो आणि दिवसभर उपाशी पुढे बसतो. एकदा आजारी शेळी आणून त्यांनीही माझ्यावर पाणी घातलं. शेळी जगली. पुढच्या वर्षी मला शेंदूर लागला, आणि मग त्या मोठ्या दिवसाची जत्राच भरू लागली. भज्यांच्या कढया आल्या, फुगे आले, भोंगा आला. इतकी माणसं पाहून मला बरं वाटलं. गर्दीच्या कडेला आनंदराव कागद मांडीवर घेऊन बसत. दर जत्रेला शेंदराचा थर चढत गेला आणि माझ्या वाट्या बुजल्या. मग देवाला ओटा हवा, असं ठरलं. माझे सोबती पहारीने उपटले, घणाने फोडले, आणि त्यांचाच ओटा माझ्याभोवती बांधला.

हे सगळं झालं ती दोन वर्षं आनंदराव आजारी होते. १९८१ साली ते आले, तेव्हा रिंगण उरलं नव्हतं. आभाळ मात्र त्या दिवशी स्वच्छ होतं. जत्रा पांगल्यावर तिरपं ऊन थेट माझ्यावर आलं. संध्याकाळपुरता एवढा शेंदूर खरवडू द्या, असं त्यांनी नत्थूजींना विनवलं. नत्थूजी हात जोडून माझ्यापुढे आडवे उभे राहिले.

"नत्थूजी, माह्या बापानं छप्पन साली बाबासाहेबांसंगं दीक्षा घेऊन सारे देव सोडले," आनंदराव म्हणाले. "मी तुमाले नवा कुठून देऊ?"

"तुमी देला नाही जी," नत्थूजी म्हणाले. "तुमी दाखवला."

आनंदरावांनी पेटी उघडली नाही. ऊन उतरेपर्यंत ते ओट्याच्या कडेला बसून राहिले. फुटलेल्या दगडांवरून त्यांनी हात फिरवला आणि कोरा भाग तसाच ठेवून कागद गुंडाळून नेला. त्यानंतर ते आले नाहीत.

मित्रांनो, कुठल्या माळावर असं रिंगण दिसलं, तर लांब उभे राहून पाहा. कोणी विचारलं, तर काय पाहता ते नीट सांगा. मग त्याला काही न देता, त्याचं काही न नेता घरी जा. माझ्यासाठी हे सांगत नाही, माझी वेळ केव्हाच निघून गेली. मोठ्या दिवशी लोक अजूनही माझ्यावर घागरी ओततात. पाणी शेंदरावरून वाहून जातं. मी आत कोरडाच राहतो.