पाठ टेकली की संपली

कोल्हापुरात कुस्ती कशी संपते हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. पोरगं नीट चालायला लागायच्या आत त्याला ते ठाऊक झालेलं असतं. म्हणूनच तेजस्वी आणि श्रीशैल यांनी ते कुठं लिहून ठेवलं नाही, आणि म्हणूनच दिल्लीच्या त्या समीक्षकानं त्यांच्या पैलवानाला दहापैकी तीन गुण दिले.

गेमचं नाव ‘अष्टझुंज’. देशभरातल्या आठ छोट्या कंपन्यांनी आपापल्या गेममधलं गाजलेलं एकेक पात्र त्यात लढायला धाडलं होतं. कुणाची तलवारवाली राणी, कुणाचा यंत्रमानव, कुणाचा आग ओकणारा बोकड. कोल्हापूरच्या राजारामपुरीत शिंप्याच्या दुकानावर तेजस्वी आणि श्रीशैलच्या कंपनीच्या दोन खोल्या होत्या, तिथून गेला तो गुंडू पैलवान. तेजस्वीनं त्याला चित्रात घडवला आणि श्रीशैलनं त्याला चालता-बोलता केला. आपल्या भागातल्या पोरांत गुंडूचं नाव आधीच झालं होतं. आता तो देशाच्या मैदानात उतरणार म्हटल्यावर दोघांनी सबंध गल्लीला पेढे वाटले. जरा घाईच झाली म्हणायची.

बाकी सात जणांचा हिशेब सरळ होता. प्रत्येकाच्या डोक्यावर शक्तीची पट्टी. मार बसला की ती घटते, संपली की हार. गुंडूशी गाठ पडली की मात्र पट्टी काठोकाठ भरलेली असो की रिकामी, काही फरक पडत नव्हता. दोघांपैकी ज्याची पाठ मातीला टेकली, तो हरला. गुंडू ठोसा मारत नव्हता, लाथ मारत नव्हता. धरायचा, फिरवायचा आणि टेकवायचा.

‘मी जिंकत होतो,’ समीक्षकानं लिहिलं होतं. ‘माझी नव्वद टक्के शक्ती शिल्लक होती. त्या धिप्पाड माणसानं मला उचललं, खाली ठेवलं आणि मी हरलो असं पडद्यावर आलं. असं सलग अकरा वेळा झालं. ही चूक आहे की चेष्टा, मला कळलं नाही. बनवणाऱ्यांनी गेम एकदा तरी खेळून पाहिला होता का?’

तो एक बोलला आणि बाकीच्यांनी री ओढली. संध्याकाळपर्यंत सगळीकडं एकच ओरड: गेम बरा आहे, तेवढा पैलवान बिघडलाय.

श्रीशैल मूळचा गडहिंग्लजचा, तेजस्वीहून दोन वर्षांनी लहान, आणि घरच्या कानडी सवयीनं तिला अक्का म्हणायचा. त्यानं ते चार वेळा वाचलं. “अक्का, पाठ टेकल्यावर आनि काय पायजे हुतं ह्येला? च्या-बिस्कुट?”

तेजस्वीला हसू आलं नाही, कारण तेवढ्यात पुण्याहून ऋतुराजचा फोन आला. आठ कंपन्यांची मोट त्यानंच बांधली होती. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बाकीच्या सात जणांनाही तोंड द्यायचं होतं.

“शुक्रवारी अपडेट जाणार आहे,” तो म्हणाला. “गुंडूला ठोसे द्या. इतरांसारखाच शक्तीवर हरू-जिंकू दे. जमत नसेल तर मला त्याला काढावं लागेल, तेजस्वी. त्याच्यापायी सगळा गेम बुडायला नको.”

ठोसे घालायला श्रीशैलला दोन दिवस पुरले असते. तेच तर दुखणं होतं. अवघड असतं तर जमत नाही म्हणून हात वर करता आले असते.

गुंडूच्या अंगातला एकेक डाव गणपतराव वस्तादांचा होता. वस्ताद सहासष्ट वर्षांचे. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या तालमीत तेजस्वी महिनाभर कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठावर वही घेऊन बसली होती. बाईमाणूस तालमीत कशाला, अशी कुजबुज झाली तेव्हा वस्तादांनी नुसतं एकदा मागं वळून पाहिलं आणि कुजबुज थांबली. पुढं गुंडूच्या हालचालींसाठी खऱ्या डावांचं चित्रण करायची वेळ आली, तेव्हा पडायलाही ते स्वतःच उतरले. तरणी पोरं पडताना तोंड वेडंवाकडं करतात, ते खोटं दिसतं, म्हणाले. चाळीस वेळा पडले. आता गुंडू ठोसे मारायला लागणार हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून बुधवारी सकाळी ती तालमीत गेली.

मेहनत आटोपून पोरं अंग पुसत होती. वस्ताद काठावर बसून बदाम कुटत होते.

“ये की. तोंड का पडलंय?”

तिनं सांगितलं. सांगताना आवाज कापला, याचाच तिला राग आला.

“त्यानं लिवलंय काय, ते वाच.”

“इंग्रजीत आहे, वस्ताद.”

“मग मराठीत सांग. पर गाळू नगोस कायबी.”

तिनं सगळं सांगितलं, ‘धिप्पाड माणूस’सुद्धा. वस्तादांनी बत्ता बाजूला ठेवला.

“अकरा डाव हरला म्हंतोय?”

“व्हय.”

“मग मानूस खरा हाय. दुसरा दोन डावांत पळाला आसता. आनि मला सांग, पाठ टेकली की संपली, ह्ये त्येला कुनी सांगितलंतं?”

तेजस्वीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. “ते तर सगळ्यांना ठाऊकच...”

“कुनाला? दिल्लीला?” वस्ताद केवढ्यानं तरी हसले. “आगं, हितं शेजारच्या गल्लीतलं पोरगं आलं तरी पयल्या दिवशी मी काय करतो? म्हैनाभर बसून बगितलंस न्हवं?”

तिनं बघितलं होतं. नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला आधी हौदात उताणं झोपवायचे. दोन्ही खांदे मातीला लावायचे आणि म्हणायचे, “ही हार. नीट बगून घे. आता ऊठ.” मग पुढं सगळं शिकवणं. तिनं ते वहीत काढूनही घेतलं होतं, आणि गेममध्ये मात्र घातलं नव्हतं. गुंडू म्हणजे कुस्ती, आणि कुस्ती कुणाला सांगायची असते काय!

“चूक आमचीच झाली,” ती म्हणाली.

“झाली. माझं बी आसंच झालतं. तरणा हुतो तवा पेपरात छापून आलतं, ‘गणपतरावाची मान कच्ची.’ दोन दिस त्या वार्ताहराला हुडकत फिरलो, बडवायला. तिसऱ्या दिशी मानंचा व्यायाम धरला.”

“सापडला का तो?”

“सापडला की, चार म्हैन्यांनी. पाया पडलो त्येच्या.” त्यांनी बत्ता पुन्हा उचलला. “ठोसं घालायचं तर घाल, गेम तुजा हाय. पर मग त्येला पैलवान म्हनू नगो.”

त्याच दुपारी श्रीशैल तालमीत येऊन वस्तादांचा आवाज टिपून घेऊन गेला; पडद्यावर खाली त्याचा इंग्रजी अर्थ येणार होता. गुंडूशी पहिल्यांदा खेळणाऱ्याला आता आधी मातीत उताणं झोपवलं जाणार होतं, मग तो राणी असो नाहीतर बोकड. एवढाच बदल. ऋतुराजनं बरंच ऐकवलं आणि शेवटी म्हणाला, “आठ दिवस देतो. लोकांचं मत फिरलं नाही तर गुंडू बाहेर. मग मला फोन करू नकोस.”

समीक्षकाला तेजस्वीनं स्वतः पत्र लिहिलं. वाद घातला नाही. ‘चूक तुमची नाही आणि गुंडूचीही नाही. आमच्या गावात हा नियम सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तुम्हाला सांगायचा राहून गेला. तुम्ही अकरा वेळा पडलात आणि जे झालं ते खरं लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. जमलं तर बाराव्यांदा या.’

पुढचे सहा दिवस दोघांचं कामात लक्ष लागलं नाही. खालचा शिंपीसुद्धा जिन्यात गाठून विचारायचा, “आलं का काय दिल्लीचं?”

सातव्या दिवशी आलं. दहापैकी आठ. पाठोपाठ ऋतुराजचा निरोप: गुंडू राहतोय. श्रीशैल कानडीत काहीतरी ओरडत जिना उतरला आणि शिंप्याला मिठी मारून आला. तेजस्वी थेट तालमीत गेली आणि या खेपेला विचारायची वाट न बघता मराठीत सांगायला लागली.

‘या वेळी मला आधी मातीत झोपवण्यात आलं. एका म्हाताऱ्याचा आवाज म्हणाला, ही हार, नीट बघून घे, आता ऊठ. त्यानंतर मी शक्तीची पट्टी पाहिलीच नाही, फक्त पाठ सांभाळली. चौदा वेळा हरलो. पंधराव्या वेळी गुंडूला टेकवला आणि खुर्चीतून उभा राहून ओरडलो. पहिल्या वेळी मी या खेळाला समजून न घेता नावं ठेवली. ज्यांनी न चिडता समजावलं, त्यांचा मी ऋणी आहे.’

“बग, मानूस खरा हाय म्हनलं न्हवतं?” वस्ताद म्हणाले. “लिव त्येला, कोल्हापूरला आलास की तालमीत ये म्हनावं.”

“वस्ताद, तुम्ही नसता तर मी ठोसेच घातले असते,” तेजस्वी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि या वेळी तिला त्याचा राग आला नाही. “तुमचे उपकार मी कसे फेडू?”

“बास, बास. संपलं का लिवलेलं?”

“एक ओळ आहे अजून.” तिनं फोन जरा जवळ धरला. “‘इतर पात्रं पोत्यासारखी पडतात. गुंडू पडतो तेव्हा कुणीतरी खरंच पडलं आहे हे दिसतं. तो कोण आहे मला माहीत नाही. मी ते पाहिलं, एवढं त्याला सांगा.’”

वस्तादांनी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं आणि बराच वेळ टॉवेल तोंडावरच राहिला.

“पुन्यांदा वाच ते,” ते आतूनच म्हणाले. “जिकल्याच्या टाळ्या लै ऐकल्या, पोरी. पडल्याची दाद कुनी दिली न्हवती.”