कोझिमोची सरळ भिंत

माझे सासरे कोझिमो यांनी ग्रिफिथ गावातलं घर स्वतः बांधलं. ते हे दिवसातून चारदा सांगतात, आणि घर न विचारता सांगतं. रविवारी चर्च, मग दोन तास जेवण, त्यावर घरची वाइन, आणि मग बांधकाम! अशा तऱ्हेने जे उभं राहिलं, त्यात जेवणाच्या खोलीचा एक कोपरा धड काटकोनात असेल तर शपथ. कपाट भिंतीला टेकवलं की मागे झाडू मावतो.

त्याच खोलीत मला शुक्रवारच्या आत फरशी बसवायची होती. सासूबाई आसुंता खुब्याचं ऑपरेशन करून, वॉकर घेऊन घरी येणार होत्या. जमिनीवरचं जुनं लिनोलियम जागोजागी उचकटलेलं. त्यात पाय अडकला की पुन्हा हॉस्पिटल.

फरशा बसवणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. वाकड्या खोलीत मधोमध रेघ मारून सुरुवात करतात, भिंतीला धरून नाही. सासरेबुवांना हे कोण सांगणार?

"माझ्या भिंतीला धरून लाव, वितो. सरळ आहे ती. तुझी रेघच तिरकी."

"पापा, भिंत बांधलीत की पाटाचं वळण?"

"माझ्या द्राक्षांच्या ओळी बघ जाऊन! त्याच हातांनी बांधलीय. तुझ्या बापाला कुंपण तरी सरळ घालता आलं का?"

म्हटलं, दाखवतोच यांना. त्यांच्या भिंतीला धरून फरशा नुसत्या कोरड्या मांडल्या. पलीकडच्या भिंतीशी एका टोकाला पाच बोटं जागा उरली, दुसऱ्या टोकाला कागदही सरकेना. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. तर हे गृहस्थ म्हणतात, फरशाच वाकड्या आल्यात! मग टेप घेऊन एकेक फरशी मोजत बसले. असे दोन दिवस गेले. हट्टीपणाला औषध नाही, आणि असतं तरी यांनी ते वाइनमधून घेतलं असतं.

शुक्रवारी माझी बायको आसुंतांना घेऊन आली. खोलीची जमीन उघडी, फरशा इकडेतिकडे, आणि त्या दारात वॉकर धरून उभ्या. माझं डोकंच फिरलं.

"बघा मम्मा, या भिंतीपायी तुम्हाला पाय टेकायला जागा नाही."

कोझिमो लाल झाले. "ती भिंत मी नव्हती आखली. सांतोने आखली होती."

सांतो त्यांचा भाऊ. वारलेला, म्हणजे उलटून बोलायची भीती नाही.

"सांतो तेव्हा अजून मायदेशी, कालाब्रियात होता," आसुंता म्हणाल्या. "दोरीचं दुसरं टोक मी धरलं होतं. सातवा महिना, पाठ मोडत होती. दोरी कधी सरकली कळलंच नाही. तू विचारलंस, 'बरोबर आहे ना?' मी म्हटलं, हो. मला बसायचं होतं रे."

कोझिमो भिंतीकडे बघत राहिले. आता शरण येतात म्हणून मी जिभेवर शब्द तयार ठेवले होते, चांगले झोंबणारे.

"म्हणजे भिंत सरळच आहे," ते म्हणाले. "वितो, फरशी तुला हवी तशी लाव. आधी हिला खुर्ची दे."

मी खुर्ची दिली. शब्द गिळले.

मधल्या रेघेवरून मी फरशी लावली. कोझिमोंच्या भिंतीलगतचे तुकडे एका टोकाला आठ बोटं, दुसऱ्या टोकाला तीन. रविवारी जेवायला येणारे आमचे नातेवाईक सगळे गवंडी. ते खाली बघतात, एकमेकांना कोपर मारतात आणि विचारतात, हे कुणाचं काम?

माझं, मी सांगतो. मापात चुकलो.