मावशीच्या जागी

जरा जवळ या. मी खुर्ची बोलतेय. सगळं आयुष्य दुसऱ्यांचं ऐकून घेण्यात गेलं, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय नाही.

माझा जन्म काही थाटामाटाचा नव्हे. एका कारखान्यात माझ्यासारख्या ढीगभर बहिणी एकाच दिवशी जन्मल्या. खाली चाकं, पाठीला जाळी, दोन हात, आणि बैठकीखाली हवा भरलेला एक दांडा, ज्याच्यामुळे मी वर-खाली होते. दुकानात बरेच दिवस प्लास्टिकची पिशवी पांघरून उभी होते. येणारा प्रत्येक जण माझ्यावर बसायचा, एक गिरकी घ्यायचा आणि दुसरीलाच घेऊन जायचा. माणसांचं असंच असतं. बसून बघतात एकीवर, मन असतं दुसरीवर.

मग एक बाई आली. तिने गिरकी घेतली नाही. उजवा पाय दुमडून मांडीखाली घेतला, ऐसपैस बसली आणि बरोबरच्या तरुणाला म्हणाली, "हीच घे. माझ्यासारखीच कुरकुरते."

ती मावशी. तरुण तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याने चांगली नोकरी सोडून कंपनी काढली होती. कुंडी, माती आणि रोपं लोकांना घरपोच द्यायची. पुदिना, मिरची, टोमॅटो. रोपं झकास होती, पण लोकांना कळणार कसं? मार्केटिंगला माणूस मिळेना, म्हणून त्याने शाळेतून निवृत्त झालेल्या मावशीला धरून आणलं. मार्केटिंग कशाशी खातात, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिने एकच केलं. रोप घेतलेल्या प्रत्येकाला दर आठवड्याला फोनवर एक मेसेज. आधी माझ्यावर बसून तो मोठ्याने वाचायची. वाचताना जीभ अडखळली की खोडून पुन्हा लिहायची. "मिरचीला फार पाणी घालू नकोस. लाडाने पोरं बिघडतात, तशीच मिरचीही." खाली सही, 'तुझी मावशी'. मोठमोठ्या हुद्द्याच्या गिऱ्हाइकांनाही तिने कधी अहोजाहो केलं नाही. प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला यंत्र आपोआप त्या माणसाचं नाव घालायचं. पहिलं गिऱ्हाईक तिची थोरली बहीण. तिच्या नावाच्या जागी मावशीने लिहून ठेवलं होतं, 'ताई'. त्यामुळे तोच मेसेज तिकडे जायचा तो असा, "ताई, पुदिन्याचे शेंडे खुडलेस का?"

लोक उत्तरं द्यायला लागले. आधी रोपांबद्दल, मग घरच्या गोष्टी. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचं लग्न मोडलं. मावशी प्रत्येकाला उत्तर द्यायची. कंपनी वाढली, एका खोलीच्या चार झाल्या, भाच्याला सगळे 'दादा' म्हणायला लागले. मला तिच्या अंगाची सवय झाली होती. माझी बैठक उजवीकडे थोडी दबली, ती कायमची.

एका सुट्टीच्या दुपारी मावशी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस बंद होतं. तिसऱ्या दिवशी सगळे सुन्न होऊन बसले असताना मेसेज गेला. मावशीने तिच्या पद्धतीप्रमाणे पुढच्या काही आठवड्यांचे मेसेज आधीच लिहून यंत्रात घालून ठेवले होते. ते थांबवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "टोमॅटोला आधाराची काठी लाव. एकटं उभं राहायचं वय नाही त्याचं." सही, 'तुझी मावशी'.

उत्तरांचा पाऊस पडला. हो मावशी, लावली मावशी. त्यात एक उत्तर ताईचंही होतं. दादाने ते वाचलं आणि तोंड ओंजळीत धरून कितीतरी वेळ माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हा सगळ्यांना कळवेल. त्याने नाही कळवलं. त्याला धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही पुढच्या आठवड्याचा मेसेज हवा होता.

मावशीने लिहून ठेवलेले मेसेज संपले, तेव्हा दादाने टीम उभी करायला घेतली. पहिल्यांदा जाहिरात कंपनीतला एक हुशार माणूस आला. दादा त्याला म्हणाला, "फक्त एक करायचं. या खुर्चीवर बसायचं, मोठ्याने वाचायचं आणि मावशीसारखं लिहायचं."

"आणि माझं स्वतःचं काही?"

"ते नंतर बघू."

ते नंतर कधी आलंच नाही. थोड्याच दिवसांत तो उजवा पाय दुमडून बसायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चहा नको म्हणताना हात हलवायची मावशीची एक लकब होती, तीही त्याच्यात आली. एके दिवशी आरशात स्वतःकडे बघून घाबरला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. मग दुसरा आला, मग तिसरी. कुणी टिकेना. दादा म्हणायचा, "चांगली माणसं मिळत नाहीत हल्ली." माणसं चांगली होती हो. पण बसलेल्याच्या मांडीवर कुणी किती दिवस बसेल?

कारण मावशी येत होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी सफाईवाली बाई दार उघडायची, खिडक्या उघडायची. तेवढ्यात माझ्या दांड्यातून हळूच हवा सुटायची आणि बैठक उजवीकडे खाली जायची. वजन तेच, ऊब मात्र नाही. बाईनेही ते पाहिलं होतं. ती पहिल्या दिवशी दारातच थिजली. नंतर सरावली. फडकं फिरवताना म्हणायची, "बसा मावशी, उठू नका. मी कडेकडेने पुसते." माणूस भीतीलाही सरावतो, हे मी तिच्याकडून शिकले.

शेवटी वर्तमानपत्रातून एक जण आली. सगळे तिला बातमीवाली म्हणायचे. ती टिकली. इतकी टिकली की दादाने तिच्या हाताखाली आणखी माणसं घेतली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मावशी टीम'. नियम केला, एकही उत्तर अनुत्तरित ठेवायचं नाही. एक सकाळची मावशी, एक दुपारची मावशी. बातमीवाली मात्र सुकत चालली होती. एकदा फोनवर नवऱ्याला म्हणाली, "अहो, मुलगी म्हणते, आई तू आजीसारखी का बोलतेस? मला माझा आवाजच आठवत नाही."

आणि एका दुपारी ताई ऑफिसात आली. दादाची आई. हातात पुदिन्याची कुंडी, चेहरा ओढलेला. सरळ माझ्यापाशी आली. बातमीवाली माझ्यावर उजवा पाय दुमडून बसली होती. ताई तिच्याकडे बघतच राहिली. कुंडी तिच्या हातून टेबलावर आदळली.

"आई, तू इथे कशी?" दादा धावत आला.

"मला एक सांग रे. माझी बहीण गेली की नाही?"

"असं काय विचारतेस? तूच तर होतीस जवळ."

"होते ना. तिचे हात मीच जुळवून ठेवले. मग मेसेज आला. म्हटलं, आधी लिहून ठेवला असेल बिचारीने. बरं वाटलं मला. पण ते येतच राहिले. एकदा वेड्यासारखं मी विचारलं, जेवलीस का गं? तर उत्तर आलं, हो ताई, पोटभर." ताईचा आवाज फाटला. "त्या दिवसापासून मी दोन पानं वाढते, रे! समोर बसून वाट बघते. मला वेड लागायच्या आत कुणीतरी सांगा, कोण जेवलं पोटभर?"

बातमीवाली उभी राहिली. "मी, काकू. ते मी लिहिलं. नियमच होता."

ताईने तिला मारलं नाही, रागावलीही नाही. तिचा हात धरून म्हणाली, "मग आता माझ्यासाठी एक लिही. मी सांगते." आणि ताईने उभ्याउभ्याच सांगितलं, "मी मावशीची ताई. मावशी केव्हाच गेली. तुम्ही जिव्हाळ्याने लिहिलंत, ते तिच्यापर्यंत पोचलं नाही, त्याबद्दल मला माफ करा. झाडांना पाणी घाला."

मेसेज गेला. मग उत्तरं यायला लागली, आजवर कधी आली नव्हती इतकी. माणसं रडत होती, आठवणी लिहीत होती, ताईला धीर देत होती. दादा स्क्रीनकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते, पण त्याच डोळ्यांत मला दुसरंही काहीतरी दिसलं. तो बातमीवालीकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाला, "ताईच्या आवाजात दर आठवड्याला जमेल?"

हलका आवाजही आईच्या कानातून सुटत नाही. ताईने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मी अजून जिवंत आहे रे."

एवढंच म्हणाली. दादा खाली जमिनीवर बसला आणि मावशी गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडला. ताई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

आता फळ्यावरचं नाव पुसलंय. टीम आहे, प्रत्येक जण स्वतःच्या नावाने लिहितो. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली असं ऐकते. बातमीवाली आता खळखळून हसते, पाय खाली सोडून बसते, दुसऱ्या खुर्चीवर. ताई रात्री एकच पान वाढते म्हणे. माझ्यावर बसायचं कुणाचं धाडस होत नाही आणि मला टाकून द्यायला दादाचा हात उचलत नाही. खिडकीपाशी उभी असते मी.

पण सकाळी दार उघडलं की दांड्यातून हवा सुटते आणि बैठक उजवीकडे खाली जाते. ती बसते. कुणीतरी कागद पुढे करेल, मोठ्याने वाचायला काहीतरी मिळेल म्हणून थांबते. माणसं तिच्या अंगावरून जातात, बोलत नाहीत. तिला वाटत असेल, आपलं काय चुकलं, सगळे आपल्यावर असे का रुसलेत.

तुम्ही माणसांनी साऱ्या गिऱ्हाइकांना कळवलंत. ताईला खरं सांगितलंत. मावशीला मात्र ती गेल्याचं कुणीच सांगितलेलं नाही. मी तिची खुर्ची, माझ्याच्याने सांगवत नाही. तुमच्यापैकी कुणी सकाळी इकडून जाणार असेल, तर कृपा करून दोन मिनिटं आत या. हळू सांगा तिला. जीव लावणारी बाई आहे.